बंडखोराच्या भावाला गणवेश

१५ ऑक्टोबर २०२५. ग्लासगोत नीट उजाडलंही नव्हतं, तेव्हाच आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गडचिरोलीचे फोटो येऊन पडले होते. माओवादी पक्षाच्या पॉलिटब्युरोतला मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्रं खाली ठेवली होती. नागपूरच्या काकांनी खाली लिहिलं, "संपला एकदाचा विषय." त्यावर अंगठे, टाळ्या, झेंडे.

मला काही तो अंगठा देता येईना. भूपतीबद्दल सहानुभूती वगैरे म्हणून नव्हे. चार दशकांत त्या जंगलात मेलेल्यांच्या याद्या बघितल्या, तर पोलीस, नक्षलवादी आणि दोघांच्या मधे सापडलेले गावकरी अशा तिन्ही याद्यांत आदिवासी नावं सापडतात. शस्त्रं खाली ठेवली गेली हे चांगलंच झालं. मी अडलो ते "संपला" या शब्दापाशी. बंड संपतं तेव्हा नेमकं काय संपतं?

पॉडकास्टच्या भागात आपण सरकारं अशा बंडांना काय उत्तर देतात यावर बोललो, पण एक धागा वेळेअभावी राहून गेला. तो इथे मांडतो. तो गडचिरोलीत सुरू होत नाही. ग्लासगोत राहणाऱ्यांनी तो रोज ओलांडलेला असतो.

सेंट्रल स्टेशनच्या रुळांखाली आर्गाइल स्ट्रीटवर बोगद्यासारखा जो काळोखा भाग आहे, त्याला जुने ग्लासगोकर 'हायलंडमन्स अम्ब्रेला' म्हणतात. हायलंडरची छत्री. उत्तरेच्या डोंगरांतून कामासाठी आलेले लोक पावसात तिथे जमायचे आणि आपल्या गेलिक भाषेत गावाकडची खबरबात विचारायचे. लालबाग-परळच्या चाळींत कोकणातले चाकरमानी ज्या कारणाने एकत्र यायचे, तेच कारण. हे लोक गाव सोडून इथे का आले, हे समजायला तीनशे वर्षं मागे जावं लागतं.

१७१५ मध्ये हायलंड्समधले बरेच क्लॅन पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने उठले. उठाव फसला, पण लंडनची झोप उडाली. काही वर्षांनी जनरल जॉर्ज वेडला तिकडे पाठवलं. वेडने दोन कामं केली. पहिलं म्हणजे रस्ते: सुमारे २५० मैल रस्ता आणि ४० पूल, जिथे आधी फक्त गुरांच्या वाटा होत्या. दुसरं काम जास्त हुशारीचं. १७२५ मध्ये त्याने सरकारशी एकनिष्ठ वाटणाऱ्या क्लॅनमधूनच सहा कंपन्या उभ्या केल्या आणि त्यांना शेजारच्या क्लॅनवर नजर ठेवायला बसवलं. भाषा तीच, डोंगर तेच, पेहराव तोच. फक्त पगार राजाचा. याच कंपन्यांची पुढे पलटण झाली, ती 'ब्लॅक वॉच'. वॉच म्हणजे इथे पहारा.

या सहांपैकी एका कंपनीचा प्रमुख होता सायमन फ्रेझर, लॉर्ड लोव्हॅट. सरकारने काही वर्षांनी त्याची कंपनी काढून घेतली. १७४५ मध्ये पुन्हा उठाव झाला तेव्हा लोव्हॅट बंडखोरांच्या बाजूने गेला आणि १७४७ मध्ये लंडनला त्याचं डोकं उडवण्यात आलं. आणि वेडचे रस्ते? स्टुअर्ट राजपुत्राची फौज त्याच रस्त्यांवरून झपाझप दक्षिणेला उतरली. रस्ता कोणाच्या बाजूचा नसतो, हे लंडनला जरा उशिरा कळलं.

ग्लासगोची भूमिका तेव्हा काय होती? व्यापारी शहर, बंडखोरांच्या पूर्ण विरोधात. राजपुत्राच्या फौजेने इथे मुक्काम करून शहराकडून हजारो सदरे, कोट आणि बुटांचे जोड वसूल केले, तेव्हा तर रागाचा पाराच चढला. १६ एप्रिल १७४६ ला कलोडनच्या माळावर ड्यूक ऑफ कंबरलंडने उठाव चिरडला, जखमींनाही सोडलं नाही. त्याच कंबरलंडला ग्लासगो विद्यापीठाने सन्माननीय पदवी दिली. तिथे शिकणाऱ्यांनी ग्रॅज्युएशनच्या दिवशी हे आठवायला हरकत नाही.

मग कायदे आले. शस्त्रबंदी, टार्टन घालायला बंदी (ती १७८२ पर्यंत टिकली), क्लॅनप्रमुखांचे न्यायनिवाड्याचे वंशपरंपरागत अधिकार रद्द. आणि पुन्हा पलटणी. कलोडनला सरकारी बाजूने लढलेला जेम्स वुल्फ नावाचा अधिकारी होता. त्याने काही वर्षांनी एका पत्रात हायलंडर्सना सैन्यात घेण्याची शिफारस करताना कारण दिलं की माणसं काटक आहेत, आणि मेली तरी फारसं बिघडत नाही. १७५७ मध्ये फ्रेझर्स हायलंडर्स ही पलटण उभी राहिली ती डोकं उडवलेल्या लोव्हॅटच्या मुलाच्या हाताखाली. हा मुलगा स्वतः १७४५ च्या बंडात होता. दोन वर्षांनी ती पलटण क्वेबेकला त्याच वुल्फच्या सेनापतित्वाखाली लढली. मुलाला वडिलांच्या जमिनी परत मिळाल्या १७७४ मध्ये, म्हणजे आधी रक्त, मग सातबारा.

अशा हायलंड पलटणी पुढे आपल्याकडेही आल्या. २३ सप्टेंबर १८०३ ला असईला शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजांसमोर ७४ वी आणि ७८ वी हायलंडर्स उभ्या होत्या. ७४ वीचा वारसा नंतर हायलंड लाइट इन्फंट्रीकडे गेला. ही ग्लासगोची म्हणून ओळखली जाणारी पलटण. तिच्या बिल्ल्यावर हत्ती आहे आणि 'असई' हे नाव. आपल्या जालना जिल्ह्यातलं एक खेडं ग्लासगोच्या पोरांनी दीडेकशे वर्षं टोपीवर मिरवलं.

असईनंतर पंधरा वर्षांनी पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनीच्या हातात पडला. आधीच होळकरी स्वाऱ्या आणि १८०३-०४ च्या दुष्काळाने तो प्रांत खंगला होता. गावंच्या गावं ओस होती. सातपुड्यात आणि सातमाळ्याच्या डोंगरांत भिल्ल नाईकांच्या टोळ्या होत्या. कंपनीच्या कागदांत या सगळ्यांना सरसकट 'लुटारू' म्हटलंय, आणि लूट होतही होती, त्यात खोटं काही नाही. पण जरा थांबून बघितलं की वेगळं चित्र दिसतं. घाट राखणं हे नाईकांचं कामच होतं. घाटातून जाणाऱ्या मालावर त्यांचा ठरलेला हक्क असायचा. गावात भिल्ल जागल्या असायचा, त्याला राखणीबद्दल गावाकडून धान्य मिळायचं. राज्य विस्कटलं तसा हक्क तुटला, आणि ज्याने घाट राखायचा त्यानेच घाट अडवला.

इंग्रज येण्याआधी मराठी सरकारचं उत्तर काय होतं, हेही सांगायला हवं, कारण आपल्याला ते सांगायला आवडत नाही. पेशव्यांचा खानदेशातला अधिकारी बाळाजी लक्ष्मण याने १८०४ च्या सुमारास भिल्लांना कोपरगावला बोलावून घेतलं आणि मारून टाकलं, प्रेतं विहिरींत टाकली, अशी नोंद गॅझेटियरमध्ये आहे. गॅझेटियर लिहिणारे इंग्रज होते, आधीचं राज्य वाईट दाखवण्यात त्यांचा फायदा होता, हे मान्य. तरी अशी आठवण डोंगरात वीस वर्षांनीही जिवंत असणार, हे समजायला इतिहासकार असावं लागत नाही.

खानदेशचा पहिला इंग्रज अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने दोन्ही हातांनी काम सुरू केलं. एका हाताने डोंगरांवर लष्करी तुकड्या आणि रसद तोडणं, दुसऱ्या हाताने शरण येणाऱ्या नाईकांना पेन्शन आणि जुन्या हक्कांची हमी. सात वर्षं हेच चाललं. एक नाईक शरण यायचा, दोन नवे उभे राहायचे. सपाटीवरच्या शिपायांना सातपुड्यातला ताप लोळवायचा, आणि पेन्शन ज्या नाईकाला मिळे त्याच्या हाताखालच्या माणसांच्या पोटाचा प्रश्न तसाच राहायचा.

(पुण्याकडे उमाजी नाईकांच्या बाबतीतही जवळपास असंच झालं. पुरंदर भागातले रामोशी म्हणजे किल्ल्यांचे राखणदार. १८१८ नंतर ती राखणदारी गेली. बंड झालं, बक्षिसं लागली. मग सरकारने उमाजीला माफी देऊन नोकरीवरच घेतलं. ते टिकलं नाही. १८३२ च्या फेब्रुवारीत पुण्यात त्यांना फाशी दिली. त्यांच्यावर स्वतंत्र भाग करायचाय, म्हणून इथे एवढंच.)

१८२५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. आपल्याला तो कॉलेजच्या नावाने माहीत असतो. माणूस ग्लासगोच्या शेजारच्या डम्बार्टनशायरमधल्या सरदार घराण्यातला. त्याने ठरवलं की भिल्लांवर भिल्लच ठेवायचे. हायलंड्सचं अनुकरण त्याने केलं असं मी म्हणत नाही. भारतातच उदाहरण होतं: भागलपूरच्या पहाडिया लोकांतून ऑगस्टस क्लीव्हलंडने १७८० च्या दशकात हिल रेंजर्स उभे केले होते. पण कंपनीच्या नोकरीत स्कॉटिश अधिकारी खच्चून भरलेले होते, आणि डोंगरातल्या बंडखोराचा शिपाई करायचा ही गोष्ट त्यांना घरूनच माहीत होती.

काम सोपवलं बावीस वर्षांच्या लेफ्टनंट जेम्स औट्रमवर. जन्म डर्बीशायरचा, पण आईचं माहेर स्कॉटलंड आणि शिक्षण ॲबर्डीनला. त्याच वर्षी मुल्हेरच्या किल्ल्यावरचं एक बंड त्याने झपाट्याने मोडलं होतं, त्यामुळे नाव झालं होतं. धरणगावला, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात, त्याने भिल्ल कोअरचं ठाणं केलं. सुरुवात अगदी मोजक्या माणसांनी झाली. पहारा न घेता तो नाईकांबरोबर जंगलात राहिला, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीला गेला, आणि त्यांना भरपूर ब्रँडी पाजली. हे शेवटचं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय, उगाच सोवळेपणाचा आव नाही. कोपरगावची आठवण असलेल्या माणसांना हा सापळा वाटला असेल तर नवल नाही. म्हणूनच पहारा न घेता राहणं महत्त्वाचं होतं. हळूहळू शेकडो भिल्ल भरती झाले. ज्या टोळ्यांना पकडायचं त्यातलेच भाऊबंद, मेहुणे, सोयरे.

जोडीला आणखी एक गोष्ट केली, ती फारशी सांगितली जात नाही. कन्नडला आणि वायव्येला नंदुरबारच्या बाजूला आणखी दोन भिल्ल एजन्सी नेमल्या आणि शेती करायला तयार असलेल्या भिल्लांना तगाई, बैल, बी-बियाणं दिलं. तीन-चार वर्षांत जिल्हा शांत झाला. सरकारी हिशोबाने हे घवघवीत यश होतं. मेवाड आणि माळव्यात नंतर अशाच भिल्ल पलटणी निघाल्या. औट्रमचं नाव झालं, पुढे तो 'सर' झाला.

हे यश खरंच होतं का? माझं मत सांगतो: होतं. कोपरगावच्या विहिरींपेक्षा धरणगावची कवायत हजार पटींनी बरी, यात शंका नको. पण या उपायाच्या पोटात एक कळ आहे आणि ती नेमकी कुठे दुखते ते १८५७ मध्ये दिसलं.

त्या वर्षी सातपुड्यात उठलेला खाज्या नाईक कोण होता? सेंधवा घाटाचा सरकारी राखणदार. एका कैद्याच्या मृत्यूच्या प्रकरणात त्याची नोकरी गेली, तुरुंगवास झाला. सत्तावनच्या गडबडीत सरकारने त्याला पुन्हा घाटावर घेतलं, आणि तो फिरला. त्याच सुमारास सिन्नरजवळ नांदूर शिंगोट्याला उठलेला भागोजी नाईक कोण होता? अहमदनगर पोलिसांतला माजी अधिकारी, त्यालाही आधी शिक्षा झालेली. लॉर्ड लोव्हॅटची गोष्ट आठवते? सरकारने गणवेश दिला, मग काढून घेतला, आणि त्या माणसाला सरकारची चाल आतून माहीत होती.

११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीच्या लढाईत खाज्याच्या लोकांचा मोड झाला. पकडलेल्यांवर जागच्या जागी लष्करी खटला चालवून अनेकांना गोळ्या घातल्या. भागोजीच्या मागे लावायला सरकारने काय केलं असेल? बरोबर ओळखलंत. अकोले-राजूर भागातल्या कोळ्यांची कोअर उभी केली. हे तेच डोंगर, जिथे राघोजी भांगरेंनी बंड केलं होतं आणि ज्यांना १८४८ मध्ये ठाण्याला फाशी झाली होती. दहा वर्षांत बंडखोरांच्या भावकीला गणवेश मिळाला, आणि काम संपल्यावर १८६१ मध्ये तो परतही घेतला गेला. भागोजी त्याआधीच, नोव्हेंबर १८५९ मध्ये, फ्रँक सूटरच्या पोलिसांशी लढताना मारला गेला होता.

आणि याच काळात आपला धागा पुन्हा ग्लासगोला येतो. सप्टेंबर १८५७ मध्ये लखनौच्या रेसिडेन्सीत शिरलेला आणि तिथेच वेढ्यात अडकलेला सेनापती होता धरणगावचा औट्रम. नोव्हेंबरमध्ये त्याला सोडवायला आला कॉलिन कॅम्पबेल, ग्लासगोच्या एका सुताराचा मुलगा, ज्याचा पुतळा १८६८ मध्ये जॉर्ज स्क्वेअरमध्ये उभा राहिला. कॅम्पबेलच्या फौजेत पुढे होती ९३ वी सदरलंड हायलंडर्स.

या ९३ व्या पलटणीपाशी मला थांबायचंय. ती १७९९ मध्ये सदरलंडच्या जमीनदारिणीच्या इस्टेटीतल्या कुळांच्या मुलांतून भरती झाली. मुलं देशोदेशी लढत होती, आणि मागे त्यांच्या घरांचं काय झालं? १८१४ आणि १८१९ मध्ये स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यातल्या कुळांना त्याच इस्टेटीने हुसकावलं. घरांची छपरं जाळली. जमीन मेंढ्यांसाठी हवी होती. तेव्हा तिथे बंड वगैरे काही नव्हतं. शेवटचं बंड मोडून सत्तर वर्षं झाली होती, बंदुका कधीच्या जमा झाल्या होत्या, पोरं राजाच्या सैन्यात होती. सगळं शांत होतं. शांतता होती म्हणूनच हे इतकं सोपं गेलं. क्रिमियाच्या युद्धाच्या वेळी सदरलंडच्या ड्यूकने पुन्हा भरती मागितली, तेव्हा लोकांनी 'आता मेंढ्यांनाच पाठवा' असं सुनावलं, अशी गोष्ट तिकडे अजून सांगतात. हायलंडरच्या छत्रीखाली पावसात उभे राहणारे लोक अशा अनेक खोऱ्यांतून, बेटांवरून आले होते.

रस्ता आणि गणवेश पटकन मिळतात. जमिनीचा कागद कधी मिळतो? हायलंड्समध्ये त्याला आणखी एक झगडा लागला. १८८२ च्या एप्रिलमध्ये स्काय बेटावर ब्रेज नावाच्या वस्तीत कुळांनी चराईच्या डोंगरावरचा हक्क मागत खंड द्यायचं थांबवलं. त्यांना पकडायला ग्लासगोहून पन्नासेक पोलीस पाठवले गेले. ग्लासगो पोलिसांत हायलंडर्सचा भरणा मोठा, म्हणजे पुन्हा तीच तऱ्हा. त्यांच्यावर बायकांनी दगडांचा वर्षाव केला. मात्र यावेळी बंदुका नव्हत्या, वर्तमानपत्रं होती आणि ग्लासगोत स्थायिक झालेले हायलंडर्स गावकऱ्यांच्या बाजूने सभा घेत होते. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचे अध्यक्ष लॉर्ड नेपियर, मद्रासचे माजी गव्हर्नर. १८७२ मध्ये काही काळ भारताचे प्रभारी व्हाइसरॉयही होते. १८८६ मध्ये कायदा होऊन कुळांना जमिनीवरून न हुसकावण्याची हमी मिळाली. कलोडननंतर १४० वर्षांनी.

खानदेशात? भिल्ल कोअर १८९१ पर्यंत टिकली, मग पोलिसांत विलीन झाली. दरम्यान १८७८ चा वन कायदा आला होता आणि डोंगर 'राखीव' झाले होते. ज्या रानात नाईक हक्काने फिरायचा तिथे त्याच्या नातवाला लाकूडफाटा आणताना गार्डला उत्तर द्यावं लागत होतं. तगाईवर सुरू झालेल्या शेतीचं पुढे काय झालं ते १९७० च्या सुरुवातीला शहाद्यात सगळ्यांना दिसलं. भिल्लांच्या नावावरच्या जमिनी कर्जापायी आणि अंगठ्यांपायी दुसऱ्यांच्या ताब्यात गेलेल्या होत्या, आणि मूळ मालक त्याच शेतात सालगडी होते. अंबरसिंग सुरतवंती आणि १९७२ मध्ये स्थापन झालेल्या श्रमिक संघटनेने तो प्रश्न लावून धरला. आदिवासींना जमिनी परत देण्याचा कायदा महाराष्ट्राने केला १९७४ मध्ये. औट्रम धरणगावला आला त्याला तेव्हा दीडशे वर्षं होत आली होती.

आता गडचिरोली. तिकडे हेच सगळं पुन्हा झालं असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. काही गोष्टी तशाच झाल्या, एक गोष्ट मात्र उलट क्रमाने झाली.

आधी तशाच झालेल्या गोष्टी. १९८० च्या सुमारास आंध्रातून पीपल्स वॉरची दलमं गोदावरी-प्राणहिता ओलांडून आली. तेंदूपत्त्याच्या पुडक्याचा भाव, कागद कारखान्यासाठी बांबू तोडण्याची मजुरी, वनरक्षकाची दादागिरी: या तक्रारी खऱ्या होत्या आणि दलमांनी त्या उचलल्या. मग त्याच दलमांनी 'खबऱ्या' ठरवून गावकऱ्यांना मारायला सुरुवात केली. बाहेरून आलेले पोलीस जंगलात आंधळे होते. १९९० मध्ये पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी जिल्ह्यातल्याच, गोंडी-माडिया बोलणाऱ्या, वाटा माहीत असलेल्या तरुणांचं पथक बांधलं. साठ जणांचं, म्हणून सी-६०. कल्पना औट्रमचीच, फक्त ब्रँडी वगळून.

पथकाने लढाई फिरवली हे खरं, आणि किंमतही त्याच लोकांनी मोजली हेही खरं. ऑक्टोबर २००९ मध्ये लाहेरीजवळ सतरा पोलीस मारले गेले. एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर-बोरिया चकमकीत चाळीस नक्षलवादी मारले गेले, आणि त्या चकमकीवर प्रश्नही विचारले गेले. १ मे २०१९ ला जांभूळखेड्याच्या स्फोटात पंधरा पोलीस आणि त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर गेला. सुट्टीवर घरी आलेल्या जवानाला गाठून मारणं हेही होत राहिलं, कारण त्याचं घर कुठे हे दोन्ही बाजूंना माहीत होतं. भावाला गणवेश देण्याची कळ इथे दुखते.

शेजारच्या छत्तीसगडमध्ये २००५ नंतर सलवा जुडूमने हीच कल्पना अगदी भ्रष्ट स्वरूपात राबवली. अर्धशिक्षित आदिवासी पोरांना तुटपुंज्या मानधनावर बंदूक देऊन 'विशेष पोलीस अधिकारी' केलं. जुलै २०११ मध्ये नंदिनी सुंदर यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. सी-६० आणि जुडूम यांना एकाच मापाने मोजू नये. एकीकडे पगारी, प्रशिक्षित, जबाबदारी निश्चित असलेला पोलीस आहे. दुसरीकडे वापरून फेकायचा माणूस. वुल्फच्या पत्रातला हिशोब दुसऱ्या ठिकाणी जास्त दिसतो.

उलट क्रमाने झालेली गोष्ट ही: गडचिरोलीत जमिनीचा कागद बंड चालू असतानाच आला. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पुढे जिल्ह्यातल्या शेकडो ग्रामसभांना मिळाला. देशात या बाबतीत गडचिरोली पुढे आहे. बांबू आणि तेंदूपत्ता ग्रामसभा स्वतः विकू लागल्या. ज्या भावासाठी दलमं ठेकेदारांना धमकावत होती, तो भाव ग्रामसभा लिलावात ठरवू लागली. नक्षलवाद्यांची भरती आटली त्यात सी-६० चा वाटा मोठा आहेच, पण या कागदाचाही आहे असं मला वाटतं. काकांच्या ग्रुपवर त्याचा फोटो कधी आला नाही. कागदाचा फोटो काय काढणार?

पण कागद सगळीकडे पोहोचला नाही, आणि जिथे पोहोचला तिथे तो किती जड आहे याची परीक्षा लोहखनिजाच्या डोंगरांपाशी होते. एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडला खाण आहे आणि आसपासच्या आणखी डोंगरांवर खाणी प्रस्तावित आहेत. मार्च २०२३ मध्ये त्याच भागातल्या तोडगट्टा इथे अनेक ग्रामसभांचे लोक खाणी नकोत, आमची संमती घ्या, असं म्हणत झोपड्या बांधून धरणं धरून बसले. बंदुका नव्हत्या. मागण्यांत वनहक्क होते, आणि खाणीसाठी रुंद होणाऱ्या रस्त्यालाही विरोध होता. शाळा, दवाखाना, गावाला पुरेल एवढा रस्ता त्यांना हवाच होता. या आंदोलनामागे माओवादी आहेत असं पोलिसांचं म्हणणं होतं. लोक आठ महिने बसून होते. २० नोव्हेंबर २०२३ ला पोलिसांनी काही जणांना ताब्यात घेतलं आणि झोपड्या निघाल्या. त्याच सुमारास जवळच्या वांगेतुरीला चोवीस तासांत नवं पोलीस मदत केंद्र उभं राहिलं.

१ जानेवारी २०२५ ला मुख्यमंत्री गडचिरोलीत होते. त्या एका दिवसात भूपतीची पत्नी तारक्का हिच्यासह अकरा जण शरण आले, कोनसरीच्या लोह प्रकल्पाचं उद्घाटन झालं, आणि गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी रस्त्यावर स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा एसटीची बस धावली. मुख्यमंत्री स्वतः त्या बसमध्ये बसले. ग्रुपवर त्याही दिवशी फोटो आले होते. लाल-पांढरी एसटी, खिडकीतून बघणारी पोरं. काकांनी लिहिलं होतं, "बघा, शेवटी रस्ता पोहोचला." तो फोटो मी तेव्हा लाइक केला होता, कारण त्या पोरांना बस मिळाली याचा आनंद खराच होता. तोडगट्ट्याच्या झोपड्या त्याच भागात होत्या, हे मला नंतर नकाशा उघडल्यावर कळलं.